घर विकून डर्बनला? सोलापूरच्या एका जोडप्याचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका दुपारी अण्णा माझ्या ऑफिसात आले ते हातात इसार पावती घेऊनच. जुळे सोलापुरातलं राहतं घर ८५ लाखांना ठरलं होतं. इसाराचे ५ लाख खात्यात जमा झाले होते, खरेदीखताला तीन महिन्यांची मुदत होती. त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता. "घर विकल्यावर टॅक्स किती बसंल तेवढं सांग. बाकी समदं ठरलंय."

समदं म्हणजे काय, हे मी विचारलं. मग कळलं की अण्णा आणि माई सोलापूर सोडून दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला कायमचं राहायला निघालेत.

मी गेली वीस वर्षं सोलापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो. अण्णा माझ्या वडिलांचे मित्र, मला लहानपणापासून अरेतुरे करणारे. दोघांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळलेत, आकडे मात्र त्यांच्या फाईलमधलेच आहेत. परदेशातल्या स्वस्त किनारी शहरात निवृत्तीनंतर राहायचं, हा विचार आता सोलापूरसारख्या गावातही घरोघर होऊ लागलाय. मुलं बाहेर असतात, आईवडील एकदा जाऊन येतात, हवा आवडते आणि गणित मांडलं जातं. ते गणित कुठे चुकतं हे या एका घरात फार स्पष्ट दिसलं.

अण्णा ६६ वर्षांचे, सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. माई ६३ च्या, अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अण्णांना मधुमेह आहे आणि चार वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय. एकुलती एक मुलगी डर्बनमध्ये इंजिनिअर आहे, तिथल्या कौशल्यावर आधारित वर्क व्हिसावर. गेल्या वर्षी एप्रिल ते जून हे दोघं तिच्याकडे नव्वद दिवस राहून आले. बेत तिथेच शिजला.

हवेचं कारण खोटं नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४४ अंशांवर जातो, दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. हृदयविकाराच्या माणसाला त्या उन्हात बाहेर पडायची डॉक्टरांचीच मनाई. अण्णा दोन महिने कूलरसमोर बसून काढायचे. त्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की पहाटे उठून टाक्या भरायच्या. डर्बन दक्षिण गोलार्धात, म्हणजे आपल्या कडक उन्हाळ्यात तिथे शरद असतो आणि जूनपासून हिवाळा. एप्रिल ते जून दिवसा २३-२६ अंश, रात्री ११-१७, पाऊसही उतरत जातो. किनाऱ्याजवळून अगुल्हास हा उष्ण प्रवाह वाहतो, त्यामुळे हिवाळ्यातही समुद्राचं पाणी कोमट लागतं. अण्णा रोज सकाळी किनाऱ्यावरच्या लांब पदपथावर चार किलोमीटर चालायचे. किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य थेट समुद्रातून वर यायचा. साखर आटोक्यात आली, झोप लागू लागली. "तिथं मी माणसात होतो रे," असं ते म्हणाले तेव्हा मी कागद बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत राहिलो.

शिवाय डर्बन त्यांना परकं वाटलं नव्हतं. १६ नोव्हेंबर १८६० ला 'ट्रुरो' नावाचं जहाज मद्रासहून गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेल्या मजुरांना घेऊन तिथल्या बंदराला लागलं. तेव्हापासून १९११ पर्यंत दीड लाखाहून जास्त भारतीय उसाच्या मळ्यांत राबायला गेले. मद्रासकडून गेलेल्यांत तमिळ होते तसे तेलुगूही होते. सोलापुरात पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या शेजारात वाढलेल्या अण्णांना तेलुगू चांगलं येतं. चॅट्सवर्थ या डर्बनमधल्या भारतीय वस्तीतल्या एका देवळात पाचव्या पिढीतल्या एका म्हाताऱ्या बाईने आजीकडून आलेलं मोडकंतोडकं तेलुगू बोलून दाखवलं, तर अण्णा तिच्याजवळ तासभर बसून होते. मसाल्याचा बाजार, मंदिरं, भारताचा वाणिज्य दूतावास सगळं त्या शहरात आहे. क्लेअर इस्टेट भागात हिंदूंच्या अग्निसंस्काराचीही सोय आहे, ही चौकशी त्यांनी स्वतः करून ठेवली होती. मुलीला न सांगता.

त्यांचा बेत असा होता: घर विकायचं, ७५ लाख डर्बनला न्यायचे, उम्हलांगा या किनारी उपनगरात १५ लाख रँडचा फ्लॅट घ्यायचा आणि पेन्शनवर राहायचं. रँड हे तिथलं चलन, ते पाच रुपयांच्या आसपास धरलं होतं. पुण्यातल्या एका एजंटाने दीड लाख फी घेऊन सांगितलं होतं, "मुलगी तिथं आहे, फ्लॅट तुमचा स्वतःचा असेल, मग व्हिसाची काय अडचण?"

अडचण नेमकी तिथेच होती. मी इमिग्रेशनचा माणूस नाही, पण पैशाचा कागद वाचता येतो. त्या देशाच्या गृहखात्याचे नियम काढून दोन रात्री वाचले आणि बेताचे तिन्ही खांब एकामागून एक निखळले.

परदेशी माणसाला दक्षिण आफ्रिकेत घर घेता येतं, त्यावर बंदी नाही. मात्र घर घेतल्याने तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. नव्वद दिवसांच्या पर्यटक व्हिसावर आलेला घरमालक नव्वद दिवसांचा पाहुणाच राहतो.

मुलीच्या नात्यावर मिळणारा नातेवाईक व्हिसा आहे, पण त्यासाठी ती तिथली नागरिक किंवा कायम रहिवासी असावी लागते. ती वर्क व्हिसावर होती. म्हणजे तो दरवाजा आज बंद.

उरला निवृत्तांचा व्हिसा. तो चार वर्षांपर्यंतचा मिळतो आणि त्याची मुख्य अट पैशाची आहे. पेन्शन, ॲन्युइटी किंवा मालमत्तेतून दरमहा किमान ३७,००० रँडचं उत्पन्न दाखवावं लागतं. पाचच्या दराने १ लाख ८५ हजार रुपये.

आता यांचं उत्पन्न पाहा. अण्णांची पेन्शन ५८,००० आणि माईंची ४१,०००. दोन गाळ्यांचं भाडं २४,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अण्णांचे ३० लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी त्याचे महिन्याला २०,५०० पडतात. सगळं मिळून १,४३,५००. सोलापुरात हे खाऊनपिऊन सुखी घर आहे, मुलीला उलट पैसे पाठवू शकेल असं. तरी ३७,००० रँडला ४१,५०० रुपये कमी पडत होते, तेही दोघांचं उत्पन्न एकत्र धरून. एकट्या अण्णांच्या नावावर बघितलं तर तूट ८२,५०० ची. बरं, घर विकून आलेली रक्कम फ्लॅटमध्ये घातली की ती उत्पन्न देणारी मालमत्ताही राहत नव्हती. बेतातली सगळ्यात मोठी खरेदीच व्हिसाच्या आड येत होती.

हे सांगितल्यावर अण्णा चिडले. "अरे पण तिथं राह्यला एवढा खर्च येतच नाही! आम्ही राहून आलोय की."

यावेळी माई पहिल्यांदा बोलल्या. त्या तिसऱ्यांदा माझ्या ऑफिसात आल्या होत्या आणि मी एकदाही त्यांना काही विचारलं नव्हतं. ती माझी चूक होती आणि ती मला आजही टोचते, कारण या प्रकरणातला सगळ्यात खरा कागद त्यांच्या पिशवीत होता. बँकेची जुनी डायरी. पहिल्या मुक्कामातच माईंनी हट्ट धरून शेवटचा एक महिना बेरिया भागात वेगळा, सामानासकट फ्लॅट भाड्याने घेतला होता. "लेकीच्या घरात राहून खर्च कळत नसतो," हे त्यांचं म्हणणं. त्या महिन्यातली पै न् पै निळ्या शाईत लिहिली होती. भाडं ९,५०० रँड. किराणा, भाजी, दूध ५,५००. टॅक्सी २,२००. प्रीपेड मीटरची वीज ९००. फोन ४००. बेरीज १८,५००.

म्हणजे अण्णा खोटं बोलत नव्हते. दोघं तिथे १८,५०० रँडमध्ये नीट राहिले होते, आणि कायदा बरोबर दुप्पट मागत होता. शहर स्वस्त आहे ही गोष्ट युरोपातून, पौंड-युरोची पेन्शन घेऊन आलेल्यांनी पसरवली आहे आणि त्यांच्यापुरती ती खरीच आहे. आपल्याकडच्या माणसाला राहणं परवडतं, पण राहण्याची परवानगी परवडत नाही. असा सल्ला घ्यायला येणाऱ्यांना मी आता पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता व्हिसाच्या उत्पन्नमर्यादेचा विचारतो.

आणि तेही पूर्ण स्वस्त नव्हतंच. १८,५०० रँड म्हणजे ९२,५०० रुपये. सोलापुरात त्यांचा महिना कामवालीचा पगार, औषधं, विम्याचा हप्ता धरून ३८-४० हजारांत निघतो. स्वतःच्या घरात, हे वेगळं सांगायला नको.

औषधपाण्याचा खर्च डायरीत नव्हता, कारण त्या महिन्यात कुणी आजारी पडलं नाही. कायमचं राहायचं तर खासगी उपचारांसाठी तिथल्या मेडिकल स्कीमचं, म्हणजे आरोग्यविम्यासारख्या योजनेचं, सदस्य व्हावं लागतं. वयाच्या पस्तिशीनंतर पहिल्यांदा सदस्य होणाऱ्याला तिथे उशिराचा दंड लागू शकतो. किती वर्षं विम्याशिवाय गेली त्यावर तो ठरतो आणि वर्गणीच्या ७५ टक्क्यांपर्यंत जातो, तोही कायमचा. आधीपासून असलेल्या आजाराला बारा महिन्यांपर्यंत संरक्षण नाकारता येतं. स्टेंट बसवलेल्या, मधुमेह असलेल्या ६६ वर्षांच्या माणसासाठी हे पहिलं वर्षच सगळ्यात धोक्याचं. आपल्याकडची त्यांची पॉलिसी बारा वर्षं जुनी आहे, सगळे प्रतीक्षाकाळ संपलेले. ती सोडायची कल्पनाच मला मान्य नव्हती आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

मग माझं नेहमीचं क्षेत्र, कर. परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, ती इथे आडवी येत नव्हती. पण वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ कर, घेते. ७५ लाख पाठवायचे तर ६५ लाखांवर १३ लाख आधी भरायचे. विवरणपत्रात ते वळते होतात, तरी तोवर अडकलेलेच. फ्लॅट घेताना हे १३ लाख कुठून आणणार, याचं उत्तर बेतात नव्हतं.

कायमचं परदेशी राहून करापुरतं अनिवासी झाल्याचा परिणाम छोटा वाटतो, पण तो दरवर्षीचा आहे. अण्णांचं वर्षाचं उत्पन्न नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि भाड्यावरची ३० टक्के सूट काढून साधारण १० लाख ६९ हजार होतं. निवासी म्हणून १२ लाखांपर्यंतच्या करसवलतीमुळे त्यांना कर शून्य. ती सवलत अनिवासींना नाही. त्याच उत्पन्नावर उपकरासह सुमारे ४८,७०० रुपये दरवर्षी भरावे लागले असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासीला नवं खातं काढता येत नाही, म्हणजे मुदत संपली की ८.२ टक्क्यांची ती सोयही जाणार. अण्णा आकडे लिहून घेत होते, आणि १३ लाखांपाशी त्यांचं पेन थांबलं.

दुसऱ्या दिवशी मुलीशी व्हिडिओ कॉल झाला. तिने आईवडिलांना आधी न सांगितलेल्या दोन गोष्टी त्या दिवशी सांगितल्या. जुलै २०२१ च्या दंगलीत दुकानं लुटली गेली, जाळली गेली, तेव्हा तिच्या वसाहतीतले लोक रात्र-रात्र गेटवर पहारा देत होते. आणि एप्रिल २०२२ च्या पुरात त्या प्रांतात चारशेहून जास्त माणसं गेली, सांडपाण्याची केंद्रं मोडली आणि दूषित पाण्यामुळे किनारे पुढे कितीतरी वेळा बंद ठेवावे लागले. "बाबा, इथे मी खूश आहे, पण संध्याकाळी सातनंतर मी पायी कुठे जात नाही. तुम्ही रात्री जेवून शतपावली करायला बाहेर पडता. इथे ते जमणार नाही." अण्णा तीन महिने तिथे राहिले होते, पण रोज सकाळीच चालायला जायचे. त्यांना हे माहीतच नव्हतं.

माईंचा मुद्दा वेगळाच होता. "नोव्हेंबर ते मार्च तिथं मुंबईसारखी चिकचिक असती. मला कुणी सांगितलं नव्हतं, शेजारणीनं सांगितलं. आणि जानेवारीत गड्ड्याला आपण नसणार?" सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला उभं राहणं चाळीस वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

इथून विचार उलटा फिरला. डर्बनचे सगळ्यात चांगले महिने कोणते? एप्रिल ते जून. सोलापूर असह्य होतं ते कधी? मार्चअखेर ते जून. पर्यटक व्हिसा किती दिवसांचा? नव्वद. अण्णांना जे हवं होतं ते सगळं त्या नव्वद दिवसांतच होतं. घर न विकता, अनिवासी न होता, पॉलिसी न सोडता. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा, तेव्हा ते सोलापुरातच असणार. दोघांचं तिकीट, व्हिसा, प्रवास विमा आणि तीन महिन्यांचा खर्च धरून साडेचार-पाच लाख. वर्षाकाठी त्यांची शिल्लक त्याहून जास्त पडते. पर्यटक व्हिसा तिथे आणखी नव्वद दिवस वाढवून मागता येतो, पण वाढवत राहून त्यावर संसार मांडायचा नाही, हे मी बजावलं. नियम मोडल्याचा शिक्का बसला तर पुढचा खरा दरवाजाही बंद होईल.

तो खरा दरवाजा मुलीचा. तिने कायम रहिवासासाठी अर्ज करायचं ठरवलं. तो मिळाला की नातेवाईक व्हिसा खुला होतो आणि त्याची अट माणशी महिन्याला ८,५०० रँडची आहे, ती मुलीने दाखवायची. ३७,००० आणि ८,५०० यांच्यातला हा फरक एजंटाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याने दीड लाखांपैकी एक रुपया परत केला नाही.

सगळ्यात अवघड काम इसार परत करण्याचं होतं. पावती नोटरी केलेली, घेणारा माणूस सरळ, त्याचं कर्जही मंजूर झालेलं. तो कोर्टात गेला असता तर खरेदीखत करून द्यायला भाग पाडू शकला असता. अण्णा स्वतः त्याच्या घरी गेले, माईंना घेऊन, माझ्याशिवाय. वकिलाची नोटीस नाही, काही नाही. चूक आपली आहे असं सांगून ५ लाख आणि त्याच्या कर्जप्रक्रियेचा, धावपळीचा खर्च म्हणून ६० हजार दिले. आठवडाभर तो फोन उचलत नव्हता. मग त्याच्या आईनेच मध्यस्थी केली आणि इसार रद्द केल्याच्या कागदावर सही झाली. दीड लाख एजंटाचे, साठ हजार हे. फाईलवर दोन लाख दहा हजारांचं नुकसान लिहिलंय.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघं मुंबई-दुबईमार्गे पुन्हा डर्बनला गेले. बेरियातच, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मी अण्णांना रविवारी फोन करायचो. इथे साडेदहा वाजलेले असायचे, तिथे सात. "काय करलालाव अण्णा?" म्हटलं की मागे लाटांचा आवाज ऐकू यायचा.

माईंचा प्रश्न भाकरीचा होता. तिथे ज्वारी मिळते, 'मॅबेले' म्हणतात तिला, पण ती लाल असते आणि पीठ लापशीसाठी रवाळ दळलेलं. मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या पिठावर हात बसलेल्या माईंच्या पहिल्या भाकऱ्या थापतानाच चिरल्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. मग त्यांनी ते पीठ मिक्सरमधून पुन्हा काढलं, मलमलच्या कापडातून चाळलं, उकळत्या पाण्यात उकड काढून गरम असतानाच मळलं. पाचव्या दिवशी भाकरी तव्यावर फुगली. रंग नाचणीसारखा, चव जराशी तुरट. तिचा फोटो मला आला, शेजारी शेंगाचटणीची वाटी. त्या तीन महिन्यांत अण्णांनी मला पाठवलेला तो एकच फोटो, ज्यात समुद्र नव्हता.

जूनअखेर ते परत आले, तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. अण्णांचं वजन तीन किलो उतरलं होतं, साखरेचे रिपोर्ट चांगले होते. मुलीचा कायम रहिवासाचा अर्ज दाखल झालाय, निकालाला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. तो आल्यावर वर्षातले किती महिने कुठे राहायचं हे पुन्हा बसून ठरवायचं आहे, आणि त्या बैठकीला डायरी घेऊन माई पहिल्या खुर्चीवर असतील असं मी सांगून ठेवलंय. पुढच्या एप्रिलसाठी बेरियातल्या त्याच फ्लॅटच्या मालकिणीला अण्णांनी आत्ताच कळवून टाकलंय. जुळे सोलापुरातल्या घराला या दिवाळीत रंग द्यायचा आहे.